गबरूची राखण

गबरू म्हातारा झाला की गप्प होईल, असं अंजनाला वाटलं होतं. झालं उलटंच. त्याच्या डोळ्यांवर निळसर साय आली, कान गेले, मागचे पाय आखडले आणि त्याचं भुंकणं वाढत गेलं. सकाळी भुंकायचा, दुपारी भुंकायचा, भाकरी खाता खाता मधेच मान वर करून भुंकायचा. भिंतीकडं तोंड करून भुंकायचा. पाण्याचं घमेलं पायाला लागलं तर त्या घमेल्यावर भुंकायचा.

उमापूरच्या शिवारात, गावापासून आडबाजूला धुळाजीची वस्ती होती. पत्र्याच्या दोन खोल्या, पुढं लिंब आणि लिंबापलीकडं काट्याचं कुंपण घातलेलं मेंढरांचं वाडगं. घरात धुळाजी, त्याची बायको अंजना, सून ऋतुजा आणि ऋतुजाची दोन वर्षांची पोर धनश्री. लेक सुरज चाकणला कंपनीत होता, सणासुदीला यायचा. धुळाजी सकाळी मेंढरं घेऊन जायचा तो दिवस बुडताना परत. मधल्या वेळात वस्तीवर दोन बायका, एक लेकरू आणि गबरू.

एके काळी याच कुत्र्याच्या जिवावर अंजना निर्धास्त राहायची. चुलीपुढं बसल्या बसल्या तिला त्याची बोली कळायची. माणूस आला तर तो लांबवर ऐकू जाईल असा सलग भुंकायचा. लांडग्याचा वास आला तर आवाज खोल जायचा, मधेच तुटायचा. साप दिसला तर भुंकणं आणि मागं उडी घेणं एकदमच व्हायचं. त्यानं दोनदा लांडगा पिटाळून लावला होता. एकदा तर गळ्यापाशी कातडं लोंबत असताना तो वाडग्याच्या तोंडाशी उभा राहिला होता.

आता सगळं भुंकणं एकसारखंच. अंजनाच्या छातीत मात्र दर वेळी तसंच धस्स व्हायचं. पहिले काही दिवस ती दर खेपेला काठी घेऊन बाहेर पळाली. बाहेर काहीच नसायचं. लिंबाची सावली, वाडग्यात राहिलेली दोन आजारी कोकरं आणि साखळी ताणून हवेत भुंकणारा गबरू. मग तिनं पळणं सोडलं. आणि पळणं सोडल्यावर तिला जास्तच भीती वाटायला लागली. एखाद्या दिवशी खरंच काही आलं आणि आपण चुलीपुढून उठलोच नाही तर? धनश्री अंगणात एकटीच माती खेळत असायची.

त्यातच बांधापलीकडच्या भागवतनं आपल्या आईला दवाखान्यातून घरी आणलं. वच्छलाबाईला लकवा झाला होता. उजवं अंग गेलं होतं, बोलणं गेलं होतं. भागवतनं दोन वर्षांमागं बांधलेल्या घरात अंजनाच्या वस्तीकडं खिडकी असलेली खोली होती, तिथं तिची खाट टाकली. आणि दोन दिवसांनी भागवत बांध ओलांडून आला.

"मामी, कुत्र्याचं काहीतरी बघा," तो म्हणाला. तेव्हा नीट बोलला. "जिजी लई दचकती. डोळा लागला की ह्यो भुंकतोय. मग ती रडती, अन् तोंडातून शब्द निघंना म्हणून अजूनच रडती."

"म्हातारं झालंय वो ते. कळत न्हाई त्याला."

"ते मला दिसतंय. पण माझी माय बी म्हातारी हाय."

वच्छलाबाईनं सुरजच्या जन्माला तिला तूप आणून दिलं होतं. तिनं मान हलवली.

त्या दिवसापासून गबरूला गप्प करणं हेच घरातलं मोठं काम झालं. अंजनानं त्याला आतल्या खोलीत बांधून दार लोटलं, तर पत्र्याच्या खोलीत आवाज दुप्पट घुमला. तोंडाला सुतळीनं बांधलं, तर त्यानं तोंड दगडावर घासून घासून रक्त काढलं. तिनंच ती सुतळी विळ्यानं कापली. कापताना गबरू वास घेत तिचा हात चाटत होता. मेंढरांना लस टोचायला जनावरांचे डॉक्टर आले, त्यांनी कुत्र्याचे डोळे उघडून बघितले.

"वय झालंय. डोकं ठिकाणावर राहत नाही अशा वयात. ऐकू येत नाही, दिसत नाही, मग घाबरून ओरडतो. सुस्तीची गोळी देतो, बघा."

गोळीनं गबरू इतका सुस्त झाला की पाणी प्यायला गेला आणि घमेल्यात तोंड घालूनच झोपला. धनश्रीनं आरडाओरडा केला म्हणून ऋतुजानं त्याला ओढून काढलं. अंजनानं उरलेल्या गोळ्या चुलीत टाकल्या.

उपाय सापडला तो असाच. डाळ निवडायला ती लिंबाखाली गबरूशेजारी बसली होती. डावा हात सहज त्याच्या बरगड्यांवर होता. डाळ निवडून झाली तरी गबरू एकदाही भुंकला नाही. हात काढला, तशी त्यानं मान उचलली, इकडं तिकडं वळवली आणि सुरू झाला. हात ठेवला, थांबला.

मग दोघी आळीपाळीनं बसायला लागल्या. दुपारी वच्छलाबाईच्या झोपेच्या वेळेला एकीनं कुत्र्यावर हात ठेवायचा, दुसरीनं घरातलं बघायचं. गोवऱ्या राहिल्या, लोकर विंचरायची राहिली, दुसऱ्याच्या रानातलं खुरपण राहिलं. ऋतुजा एक दिवस म्हणाली, "आत्या, लेकराला एवढा येळ मांडीवर घेत न्हाई मी." दुपार निघाली तरी सकाळ-संध्याकाळ होतीच, आणि त्या वेळेला कामं टाकून बसणं होत नव्हतं.

माघ लागला. कापूस वेचून संपला, रानात पऱ्हाट्या उभ्या राहिल्या. चैत्रापर्यंत धुळाजीची मेंढरं दर साली भागवतच्या आणि त्याच्या भावकीच्या पऱ्हाट्यांतच चरायची. धुळाजी एका संध्याकाळी गावातून आला तो जेवलाच नाही. ताटापुढं बसला आणि बोटानं कालवणात रेघा ओढत राहिला.

"काय झालं?" अंजनानं विचारलं.

"भागवत भेटला. पारावर. समदे बसले व्हते."

"मग?"

"म्हणला, मामा, मेंढरं माझ्या रानात घालायची आसली तर आधी ते कुत्रं गप करा. न्हाईतर मी करतो."

"असं म्हणला?"

"समद्यांत म्हणला. वर एकजण म्हणतो, धनगराच्या घरी कुत्र्याचंच राज चालतंय." धुळाजीनं ताट सरकवलं. "हसले बे समदे."

तो बायकोला 'बे' म्हणाला, हे त्याच्या ध्यानातही आलं नाही. अंजनाच्या डोक्यात मात्र तेवढं एकच राहिलं. न्हाईतर मी करतो. कुत्र्याला गप्प कसं करतात हे तिला ठाऊक होतं. दिंद्रुडला तिच्या बहिणीच्या गल्लीत कुणीतरी पिठाच्या गोळ्या टाकल्या होत्या. कुत्री तर मेलीच, एक शेळीही पाय झाडून मेली होती. तोंडाचा तो फेस तिनं डोळ्यांनी बघितला होता.

"गोदाकाठाला सोडून येऊ का लांब?" धुळाजी म्हणाला.

"आंधळं हाय. कुठं जाईल ते?"

"मग काय करू मी? तू सांग."

तिनं ताट उचललं. धुळाजी उठून वाडग्याकडं गेला.

दुसऱ्या सकाळपासून अंजना झाडायला लागली ती वेगळीच. आधी केरसुणी न घेता सगळं अंगण वाकून बघायची. लिंबाचं बूड, साखळी पोचते तिथवरची गोल जागा, कुंपणाची आतली बाजू, घमेल्यातलं पाणी. पाणी रोज ओतून द्यायची. वाळलेली लेंडी दिसली तरी पायानं उलटून बघायची. ऋतुजाला तिनं सांगितलं, "पोरीला खाली एकटी सोडू नको." का ते सांगितलं नाही. ऋतुजानं सासूच्या तोंडाकडं बघितलं आणि तिला ते कळलं. मग दोघीही बांधाकडं बघत राहायच्या. भागवत मोटर चालू करायला आला तरी अंजनाच्या हातातलं काम थांबायचं. त्याच्या हातात काय आहे ते आधी बघायची.

एकदा भागवतच्या हातात पिशवी दिसली. तो बांधावर थांबला, वस्तीकडं बघितलं आणि तसाच उभा राहिला. अंजना धनश्रीला काखेत घेऊन दाराआड गेली आणि फटीतून बघत राहिली. थोड्या वेळानं तो निघून गेला. तिच्या पाठीला घाम आला होता.

धुळाजी हे सगळं बघत होता. तो कमी बोलायला लागला होता. मेंढरं आता लांबच्या पडीक रानात न्यावी लागत होती, तिथं चारा नव्हता, येताना मेंढरांची पोटं खपाटीला गेलेली असायची. एक कोकरू वाटेतच बसलं, ते त्यानं खांद्यावर आणलं. दोन दिवसांनी ते मेलं.

त्या सकाळी गार होतं. अंजनानं अंगण बघितलं, घमेलं ओतलं, ताजं पाणी भरलं. धुळाजी वाडग्याचं फाटक धरून उभा होता.

"झालं का बघून?" त्यानं विचारलं.

"झालं."

ती आत चुलीकडं गेली. धुळाजीनं मेंढरं काढली. त्यांच्या खुरांचा आवाज लांब गेला. ऋतुजा धुण्याचं घेऊन बोअरवर गेली. धनश्री आत गोधडीत होती. गबरू भुंकत होता, पण ते भुंकणं आता अंजनाला ऐकू येईनासंच झालं होतं. ती भाकरी थापत होती.

भाकरी थापून तव्यावर टाकली आणि तिनं सहज मागं बघितलं. गोधडी मोकळी होती.

ती तव्यावरची भाकरी तशीच टाकून धावली. धनश्री लिंबाखाली बसली होती, गबरूच्या पुढ्यात. गबरू तिच्या डोक्यावरून पलीकडं बघत भुंकत होता. पोरीच्या मुठीत पिठाचा गोळा होता आणि ओठांना पीठ लागलं होतं. अंजनाला येताना बघून ती हसली आणि मूठ पुढं केली.

अंजनानं तिच्या तोंडात बोटं घातली. गुळाचा वास आला आणि गुळाच्या खाली दुसरा, औषधाचा, नाकात झोंबणारा. तिनं गोळा फोडला. आत काळे बारीक दाणे होते.

ती ओरडली तेव्हा नाव ऋतुजाचं घेतलं की देवाचं, हे तिला नंतर आठवलं नाही. ऋतुजा धुणं टाकून आली. दोघींनी पोरीला उलटं धरलं, पाणी पाजलं. थोडं उलटून पडलं. पोर रडायला लागली आणि रडता रडता तिच्या तोंडातून लाळ गळायला लागली, डोळ्यांतून पाणी. ओरडणं ऐकून मेंढरं तिथंच सोडून धुळाजी पळत आला. अंगणाच्या तोंडाशी तो थांबला. पोरीच्या फ्रॉकवर सांडलेलं पीठ बघून त्याचा चेहरा मातीसारखा झाला.

आणि बांधावरून भागवत आला.

"काय झालं, मामी?"

अंजनानं त्याच्याकडं बघितलं. शिवारात गाडी एकट्या त्याच्याकडं होती.

"गाडी काढ," ती म्हणाली.

भागवतनं पिकअप थेट अंगणात घातला. अंजना पोरीला घेऊन पुढं बसली, ऋतुजा आणि धुळाजी मागच्या हौद्यात. गेवराईचा रस्ता खड्ड्यांचा, तरी गाडी उडत चालली होती. पोर आता रडत नव्हती. तिच्या अंगाला दरदरून घाम सुटला होता आणि डोळ्यांच्या बाहुल्या मोहरीएवढ्या झाल्या होत्या. अंजना तिच्या गालावर थापट्या मारत होती. शेजारी बसलेल्या माणसाचे हात स्टिअरिंगवर होते, त्या हातांकडं तिची नजर सारखी जात होती. हा मधेच गाडी थांबवेल, असं तिला वाटत होतं. टायर गेलं म्हणेल. उशीर करेल. आपण याच्या तावडीत आहोत आणि बोलायची सोय नाही. पोर जगायची असेल तर यानंच गाडी हाकली पाहिजे.

तरी तिच्यानं राहवलं नाही.

"कुत्र्यासाठी टाकलंस व्हय रे," ती हळूच म्हणाली.

भागवतनं मान वळवली नाही. "मामी, पोरीकडं बघा. झोपू देऊ नका तिला."

दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी पोरीचे डोळे बघितले आणि तिला आत नेलं. नळी, सुया, पळापळ. मग त्या दारात आल्या.

"कुठलं औषध होतं? नाव, प्रकार, काही माहीत आहे का कुणाला? किती होतं?"

"ह्याला इचारा," अंजना म्हणाली. तिनं बोट भागवतकडं केलं. "ह्यानंच टाकलंय. पारावर समद्यांत बोलला व्हता, मी करतो म्हणून."

बाकावरचे लोक वळून बघायला लागले. भागवतचं तोंड उघडं राहिलं. "मामी, मी न्हाई. जिजीची शपथ, मी न्हाई."

"भांडण नंतर करा," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "मला आत्ता सांगा. माहीत असेल त्यानं सांगा."

मग भिंतीला टेकून उभा असलेला धुळाजी पुढं आला. त्यानं डोक्याचं मुंडासं काढून हातात घेतलं होतं.

"हुमणीचं औषध हाय," तो म्हणाला. "दाणेदार. उसाच्या किडीला टाकायचं. जुनं घरात व्हतं. चिमूटभर घातलं व्हतं पिठात, गूळ लावून. दोन गोळे केलते."

"दोन्ही तिनं खाल्ले?"

"एक तिच्या हातात व्हता. दुसरा…" त्यानं अंजनाकडं बघितलं. "दुसरा तिथंच पडलेला दिसला मला. कुत्र्याच्या पायापाशी."

डॉक्टरीणबाई आत पळाल्या. ऋतुजा खाली फरशीवर बसली आणि तिनं पदर तोंडात कोंबला. अंजना उभीच होती. नवऱ्याकडं ती बघत होती, पण तिला आठवत होता तो फाटक धरून उभा राहिलेला माणूस आणि त्याचं विचारणं. झालं का बघून? ती हो म्हणाली, म्हणून त्यानं टाकलं.

विष पोटात थोडंच गेलं होतं. इंजेक्शनांनी पोर तगली. पण त्या रात्री आणि दुसऱ्या दिवशीही डॉक्टरीणबाई पक्कं काही सांगायला तयार नव्हत्या. त्याच दुपारी पोलीस आले होते, कागद करायला. धुळाजी मुंडासं हातात घेऊन बाकावर बसून होता. त्याला तोंड उघडता येईना तेव्हा भागवत पुढं झाला.

"उंदरं लई झालीत वस्तीवर," तो पोलिसाला म्हणाला. "उंदरासाठी ठेवलं व्हतं म्हाताऱ्यानं. पोरीच्या हाताला लागलं."

पोलिसानं अंजनाकडं बघितलं. "खरं हाय का बाई?"

अंजनानं भागवतकडं बघितलं. ज्याला तिनं सकाळीच सगळ्यांसमोर खुनी ठरवलं होतं, तो माणूस खाली मान घालून तिच्या होकाराची वाट बघत होता.

"खरं हाय," ती म्हणाली.

पोरीला घरी आणलं तेव्हा तिची मान अजून नीट धरत नव्हती. भागवतच गाडीनं घेऊन आला. उतरताना तो म्हणाला, "जिजीची खाट मागच्या खोलीत टाकली मी. आधीच टाकायला पायजे व्हती. हट्टाला पेटलतो." मग धुळाजीकडं न बघता म्हणाला, "मेंढरं घाला पऱ्हाटीत."

अंजनाला त्याच्या पाया पडावं वाटलं, पण तो तिच्यापेक्षा लहान होता. ती म्हणाली, "मी तुला लई वंगाळ बोलले."

"बोललाव," भागवत म्हणाला आणि गाडी वळवली.

गबरूला काहीच माहीत नव्हतं. नाकापुढं ठेवलेला गूळ त्याला कळला नव्हता, समोर बसलेली पोर दिसली नव्हती. दुसरा गोळा अंजनानं त्याच दिवशी ऋतुजाच्या भावाला फोन करून उचलायला लावला होता, खड्डा घेऊन पुरायला लावला होता. तरी घरी आल्यावर तिनं लिंबाखालची माती वीतभर खरवडून काढली आणि लांब नेऊन टाकली. गबरू तिच्यावर भुंकत राहिला.

धुळाजी घरात वागायचा तो पाहुण्यासारखा. पाणी मागायचा नाही, स्वतः घ्यायचा. ऋतुजा त्याच्यापुढं ताट ठेवायची आणि न बोलता आत जायची. सुरजला फोनवर काय सांगितलं, ते तिनं कुणाला सांगितलं नाही. काही दिवसांनी, अंजना मेंढरांना पाणी दाखवत असताना, धुळाजी तिच्या पाठीमागं येऊन उभा राहिला.

"मला वाटलं, त्योच खाईल," तो म्हणाला. "पार तोंडाम्होरं ठेवलं व्हतं. खाल्लं का न्हाई बघायला थांबायचं व्हतं मला. माझ्यानं बघवंना, म्हणून गेलो."

"मी बघून गेल्यावर ठेवलंत," अंजना म्हणाली.

तो तिच्या हातातल्या बादलीकडं बघत होता. "हां," म्हणाला.

एवढंच बोलणं झालं. ती बादली घेऊन पुढच्या मेंढराकडं गेली. त्याच्यावर हात उगारावा इतका राग तिला येत नव्हता, हेच तिला नवल वाटत होतं. रागाच्या जागी दुसरंच काहीतरी आलं होतं. बांधावरच्या भागवतकडं बघताना जे पाठीला जाणवायचं, ते आता चुलीपुढं बसल्यावर, भाकरी वाढताना, त्याच्या अंथरुणाशेजारी कूस बदलताना जाणवायचं. इतकी वर्षं या माणसानं आणलेलं तिनं डोळे मिटून खाल्लं होतं.

पऱ्हाटीत मेंढरं चरायला लागली, त्यांची पोटं भरली. धनश्री पुन्हा चालायला लागली. एका संध्याकाळी धुळाजी रानातून आला तो मुंडाशाच्या शेवात, कापडाच्या टोकाला, बोरं बांधून. दारात बसला, गाठ सोडली. पोर त्याला बघून धावली. तिला काही आठवत नव्हतं. आज्याच्या गुडघ्याला धरून तिनं तोंड उघडलं. धुळाजीनं त्यातलं चांगलं लाल बोर निवडलं, तळव्यानं पुसलं आणि तिच्या तोंडाकडं नेलं.

अंजनाचा हात मधे आला. तिनं ठरवलं नव्हतं. तिनं ते बोर त्याच्या बोटांतून काढून घेतलं, अर्धं तोडून स्वतः खाल्लं, सावकाश चावलं, गिळलं. थोडा वेळ तशीच थांबली. मग उरलेलं अर्धं पोरीला दिलं.

धुळाजीनं ते सगळं बघितलं. त्याचा हात अजून तसाच पुढं होता. अंगणात गबरू भुंकत होता, आणि त्याच्याजवळ जायला कुणी उठलं नाही.

दुसऱ्या दिवशी धुळाजी बोरं घेऊन आला तेव्हा पोर परत धावली. त्यानं गाठ सोडली नाही. मुंडाशाचा शेव तसाच अंजनाच्या हातात दिला आणि पाय धुवायला गेला.